'नो मॉड्यूल नेम्ड तुकडे.पार्ट्स': दर दोन रिलीजनंतर परत येणारा एरर, आणि त्याचा एकदाचा बंदोबस्त

रिपोमध्ये सगळ्या टेस्ट हिरव्या, नोटबुकमध्ये इम्पोर्ट होतंय, कमांड लाइनवरून चालतंय, आणि पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) टाकून दुसऱ्या कोणी पिप इन्स्टॉल केलं की पहिल्याच ओळीला 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर: नो मॉड्यूल नेम्ड तुकडे.पार्ट्स'. नाहीतर इम्पोर्ट नीट होतं आणि पहिला तुकडा लिहायच्या वेळी 'फाइल नॉट फाउंड एरर', पुढे साइट-पॅकेजेसमधला (इन्स्टॉल झालेली पॅकेजेस जिथे पडतात तो फोल्डर) लांबलचक पाथ. मग कोणीतरी मॅनिफेस्ट.इनमध्ये (पॅकेजमध्ये कुठल्या फाइल्स घ्यायच्या ते सांगणारी फाइल) एक ओळ घालतं, नवा रिलीज निघतो, चालतो, सगळे खूश, आणि दोन रिलीज गेले की ये रे माझ्या मागल्या.

ही पोस्ट त्या परत येण्याबद्दल आहे. एकदाच आलेला एरर कोणीही गूगल करून मिटवतं. हा जातो आणि परत येतो, कारण एकच मेसेज देणारी कारणं चार-पाच आहेत आणि त्यातली दोन अशी आहेत की ज्याच्या लॅपटॉपवर बिल्ड होतं त्याला ती दिसतच नाहीत. खालचं सगळं सेटअपटूल्स (पायथन पॅकेज बिल्ड करणारं टूल) धरून लिहिलंय, हॅचलिंगचं, म्हणजे तशाच दुसऱ्या टूलचं, जिथे वेगळं पडतं तिथे सांगतो. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये आपापल्या स्पेलिंगने टाका.

लायब्ररी साधी धरू, उदाहरणापुरतं नाव 'तुकडे'. मोठी सीएसव्ही किंवा जेसॉन-लाइन्स फाइल द्यायची, ती ठरलेल्या ओळींचे नाहीतर ठरलेल्या एमबीचे तुकडे पाडते, नावं भाग-००००० पासून पुढे, आणि शेवटी यादीची एक जेसॉन फाइल लिहिते ज्यात कुठल्या तुकड्यात किती ओळी, किती बाइट, शा-२५६ चेकसम काय, हे सगळं. परत जोडणारा रीडर पण आहे. तुकडे हा फोल्डर थेट रिपोच्या मुळाशी, त्याच्या पोटात पार्ट्स (तुकडे पाडणारा कोड), रीडर्स, स्कीमा (यात पायथन काही नाही, यादीचा जेसॉन स्कीमा फक्त), आणि नमुना (चार छोटे तुकडे, डेमो कमांडसाठी). डेटा कापणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या थोड्याफार अशाच दिसतात, त्यामुळे नावं बदलून तुमच्यावर लागू होईल.

आधी खरंच इन्स्टॉल झालेलं चालवताय का ते बघा

निम्मे लोक इथेच फसतात. रिपोच्या फोल्डरमध्ये उभं राहून पायथन उघडलं आणि इम्पोर्ट तुकडे लिहिलं तर पायथन आधी चालू फोल्डर बघतो, तिथे तुकडे नावाचा फोल्डर आहेच, तो उचलतो, साइट-पॅकेजेसमध्ये काय पडलंय ते बघायची वेळच येत नाही. पायथन -एम पायटेस्ट चालवलं तरी तेच. आणि पिप इन्स्टॉल -ई डॉट केलेलं असेल तर मग विषयच संपला, एडिटेबल इन्स्टॉल म्हणजे रिपोकडे बोट दाखवणं, त्यात व्हीलचा (पिप जी तयार पॅकेज फाइल इन्स्टॉल करतो ती) काही संबंध येत नाही. म्हणजे हिरव्या टेस्ट रिपोबद्दल सांगतायत, पॅकेजबद्दल एक अक्षर नाही.

त्यामुळे टेस्ट अशी करा: रिपोच्या बाहेर, टेम्प फोल्डरमध्ये जाऊन नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, त्यात डिस्टमधलं (बिल्डचं आउटपुट पडतं तो फोल्डर) व्हील त्याच्या पूर्ण पाथने इन्स्टॉल, आणि मग इम्पोर्ट करून तुकडेचा अंडरस्कोअरवाला फाइल व्हेरिएबल प्रिंट. पाथमध्ये साइट-पॅकेजेस दिसलं पाहिजे. जुन्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये तोच व्हर्जन नंबर परत इन्स्टॉल करू नका, कारण पिप सरळ सांगतो की या व्हर्जनचं आधीच आहे, जबरदस्ती हवी तर फोर्स-रीइन्स्टॉल द्या, आणि ती ओळ पिवळ्या-पांढऱ्या मजकुरात निघून जाते, मग माणूस अर्धा तास जुनंच व्हील तपासत बसतो.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय

व्हील म्हणजे झिप फाइल, बाकी जादू काही नाही. अनझिप -एल लावा किंवा पायथन -एम झिपफाइल -एल, आत काय आहे त्याची यादी येते. सोर्स डिस्ट्रिब्युशन, म्हणजे मूळ कोडचं पॅकेज, ही टार-जीझेड फाइल, त्याला टार -टीझेडएफ. रिपोतलं ताट कितीही भरलेलं असो, समोरच्याला डबाच मिळणार आहे, तर डबा उघडून बघा.

आता तीन याद्या समोर ठेवा: गिट एलएस-फाइल्सची, टारची, व्हीलची. हरवलेली फाइल पहिल्यांदा कुठल्या यादीत नाहीशी होते तिथे कारण आहे. गिटच्याच यादीत नसेल तर पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये (बिल्डच्या सेटिंगची फाइल) कितीही खटपट केली तरी उपयोग शून्य, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. गिटमध्ये आहे पण टारमध्ये नाही, तर मॅनिफेस्ट.इन, पॅकेजेसची यादी किंवा पॅकेज-डेटा (पायथन सोडून बाकी फाइल्स आत घ्यायची सेटिंग). टारमध्ये आहे पण व्हीलमध्ये नाही, तर पॅकेजेसची यादी किंवा पॅकेज-डेटाचा पॅटर्न. आणि तिन्हीकडे आहे तरी एरर येतोय, तर पॅकेजिंग ठीक आहे, कोडमध्ये फाइल शोधायची पद्धत चुकीची आहे. हे न करता थेट मॅनिफेस्ट.इनमध्ये ओळी वाढवत बसणं हा या एररवरचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी इलाज.

एक लक्षात घ्या, पायथन -एम बिल्ड असं नुसतं चालवलं तर ते आधी सोर्स डिस्ट्रिब्युशन बनवतं आणि मग व्हील रिपोतून नाही, त्या टारमधून बनवतं. टारमध्ये जे नाही ते व्हीलमध्ये येऊच शकत नाही. पण डॅश-डॅश व्हील देऊन चालवलं तर व्हील थेट रिपोच्या फोल्डरमधून बनतं. म्हणजे एकाच रिपोतून, एकाच दिवशी, दोन पद्धतींनी दोन वेगळी व्हील्स निघू शकतात. टीममध्ये एक जण असं करतो आणि सीआय (सर्व्हरवर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) तसं, हे 'कधी चालतं कधी नाही'चं अर्धं उत्तर आहे.

पार्ट्स नावाचा फोल्डर

आता ते कारण ज्याच्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली. गिटहबवर नवीन रिपो काढताना भाषा पायथन निवडून तयार गिटइग्नोर (गिटने काय वगळायचं त्याची यादी) घेतो ना आपण, ती फाइल उघडून 'डिस्ट्रिब्युशन / पॅकेजिंग' या कमेंटखालच्या ओळी वाचा. बिल्ड/, डिस्ट/, एग्ज/, लिब/, आणि त्यांच्यात गपचूप बसलेली एक ओळ: पार्ट्स/. ती बिल्डआउट नावाच्या जुन्या टूलसाठी आहे, ते पार्ट्स, एग्ज, डेव्हलप-एग्ज असे फोल्डर बनवतं. आज बिल्डआउट वापरणारे फार राहिले नाहीत, पण ओळ राहिली. आणि पॅटर्नच्या सुरुवातीला स्लॅश नाही, म्हणजे तो फक्त मुळाशी नाही तर कितीही आतल्या पार्ट्स नावाच्या फोल्डरला लागतो. तुकडे पाडणाऱ्या लायब्ररीत कोडच्या फोल्डरला पार्ट्स हे नाव देणं किती साहजिक आहे ते सांगायला नको!

मग काय होतं बघा. लॅपटॉपवर फोल्डर आहे. सेटअपटूल्स गिटइग्नोर बघत नाही, त्यामुळे लॅपटॉपवरून केलेल्या बिल्डमध्ये तो व्यवस्थित जातो. गिट अॅड डॉट तो मुकाट्याने वगळतं, स्टेटसमध्ये दिसत नाही, पुल रिक्वेस्टमध्येही नाही, आणि नवीन कोड असेल तर रिव्ह्यू करणाऱ्याला काय गायब आहे ते कळणार कसं. सीआयवर ताजा क्लोन होतो, त्यात पार्ट्स नाही, बिल्ड तरीही यशस्वी होतं कारण पॅकेजेस शोधणाऱ्याला नसलेल्या फोल्डरचं दुःख नाही. म्हणून लॅपटॉपवरून काढलेला रिलीज चांगला, सीआयवरून काढलेला मोडका. कोणी घाईत परत लॅपटॉपवरून काढला की चांगला. याला लोक 'पायपीआयचा काहीतरी लोचा' म्हणून सोडून देतात.

गिट चेक-इग्नोर -व्ही आणि पुढे फाइलचा पाथ द्या, कुठल्या गिटइग्नोरची कितवी ओळ त्या फाइलला खातेय ते थेट छापून येतं. उत्तर काहीच आलं नाही तर फाइल इग्नोर नाहीये, दुसरीकडे बघा. ही कमांड डेटाच्या फाइल्सवर पण चालवा, कारण अशा प्रोजेक्टमध्ये कोणीतरी आउटपुट चुकून कमिट होऊ नये म्हणून स्टार-डॉट-सीएसव्ही किंवा डेटा/ अशी ओळ घातलेली असतेच, आणि नमुना फोल्डरमधले चार तुकडे त्यातच जातात.

इथे गिट अॅड -एफ करून फाइल्स जबरदस्तीने घालणं हा उपाय सगळीकडे सुचवलेला दिसेल. नका करू. त्या दिवशीच्या फाइल्स ट्रॅक होतात हे खरं, पण ओळ तशीच राहते, पुढच्या महिन्यात कोणी पार्ट्समध्ये नवीन मॉड्यूल टाकलं की ते परत इग्नोर, आणि परत तोच एरर नव्या मॉड्यूलच्या नावाने. शिवाय हॅचलिंग वापरत असाल तर त्याला फाइल ट्रॅक आहे की नाही याच्याशी घेणं नाही, तो गिटइग्नोरचे पॅटर्न वाचतो आणि जुळेल ते बिल्डमधून वगळतो, म्हणजे -एफ करूनही व्हीलमधून फाइल गायबच. नीट उपाय म्हणजे ओळच दुरुस्त करणं: पार्ट्स/ च्या आधी स्लॅश लावून ती मुळाशी बांधा, किंवा बिल्डआउट वापरत नसाल तर काढूनच टाका. लिब/ आणि व्हील्स/ या ओळींचं पण तेच, नावाप्रमाणे तुमच्याकडे आत तसा फोल्डर असेल तर. हॅचलिंगमध्ये जर एखादी फाइल मुद्दाम गिटबाहेर ठेवायची असेल, म्हणजे बिल्डच्या वेळी तयार होणारी, तर त्याच्यासाठी आर्टिफॅक्ट्स नावाची सेटिंग आहे, ती याच कामाची.

त्याच यादीत मॅनिफेस्ट अशी पण एक ओळ आहे, सगळी कॅपिटल अक्षरं, एक्स्टेन्शन नाही. तुकड्यांची यादी लिहिणाऱ्या लायब्ररीत मॅनिफेस्ट नावाचा सबफोल्डर असणं पण साहजिकच. लिनक्सवर लहान अक्षरातला फोल्डर बचावतो. विंडोज आणि मॅकवर गिट केसकडे दुर्लक्ष करायच्या सेटिंगवर असतं, आणि ती सेटिंग इग्नोरच्या पॅटर्नलाही लागू होते, तिथे तो खाल्ला जातो. मॅकवाला म्हणतो मी पुश केलं, लिनक्सवाला म्हणतो माझ्याकडे नाही, दोघंही खरं बोलतायत.

काढलेली फाइल जात नाही, किंवा जुन्या फाइलच्या जिवावर बिल्ड चालतंय

हे दुसरं लॅपटॉपवरून न दिसणारं कारण. सेटअपटूल्स दोन ठिकाणी जुना माल ठेवतो. एक बिल्ड/लिब फोल्डर. व्हील थेट रिपोतून बनवलं की फाइल्स आधी तिथे कॉपी होतात आणि तिथून व्हीलमध्ये. तुम्ही सोर्समधून एखादं मॉड्यूल काढलंत किंवा हलवलंत तरी बिल्ड/लिबमधली जुनी कॉपी कोणी पुसत नाही, ती पुढच्या व्हीलमध्ये जाते. पिप इन्स्टॉल डॉट सुद्धा २१.३ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, तात्पुरती कॉपी न करता रिपोच्या फोल्डरमध्येच बिल्ड करतो, त्यामुळे बिल्ड फोल्डर तुम्ही कधी स्वतः बनवला नसला तरी तो असतो. समजा तुकडे.स्प्लिटर हे मॉड्यूल हलवून तुकडे.पार्ट्स.स्प्लिटर केलं आणि एका कोपऱ्यातल्या फाइलमध्ये जुनं इम्पोर्ट राहिलं. लॅपटॉपवरच्या व्हीलमध्ये दोन्ही आहेत, चालतं. सीआयच्या व्हीलमध्ये एकच.

दुसरं ठिकाण एग-इन्फो फोल्डरमधली सोर्सेस.टीएक्सटी. नाव बघून वाटतं ही फक्त आउटपुटची नोंद असेल. तसं नाहीये. गिटचं प्लगइन लावलेलं नसेल तर सेटअपटूल्स पुढच्या बिल्डला ही जुनी यादी परत वाचतो आणि त्यातल्या ज्या फाइल्स अजून डिस्कवर आहेत त्या सोर्स डिस्ट्रिब्युशनमध्ये घेतो. म्हणजे मॅनिफेस्ट.इनमधून तुम्ही स्कीमाची ओळ चुकून उडवलीत तरी तुमच्या लॅपटॉपवर काहीच मोडत नाही, कारण जुन्या यादीत ती आहे. ताज्या क्लोनवर एग-इन्फो नसतो, तिथे मोडतं. मी तर म्हणेन की 'माझ्याकडे चालतंय'च्या सेटअपटूल्समधल्या निम्म्या केसेस या एका फाइलच्या आहेत.

इलाज सोपा आहे, बिल्ड, डिस्ट आणि एग-इन्फो हे तीन फोल्डर उडवून मग बिल्ड करायचं. काही जण गिट क्लीन -एक्सडीएफ सांगतात, तो सगळं साफ करतो हे खरं पण इग्नोर केलेलं सगळं म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, पासवर्डची डॉट-एन्व्ह फाइल, आणि रिपोत पडलेले कापलेले तुकडे पण जातात, ते तयार व्हायला रात्रभर लागली असेल तर बसा मग. आधी -एक्सडीएन द्या, काय जाणार ते दिसतं. मला विचाराल तर रिलीजचं बिल्ड लॅपटॉपवर करायचंच कशाला, ताजा क्लोन टेम्पमध्ये काढा नाहीतर सीआयवरच करा, आणि मोडत असेल तर तिथे मोडू दे.

पॅकेजेसची यादी आणि डेटाच्या फाइल्स

हे भाग सगळीकडे लिहिलेले असतात म्हणून पटकन. सेटअप.पायमध्ये (बिल्डच्या सेटिंगची जुन्या पद्धतीची फाइल) पॅकेजेसच्या पुढे नुसतं तुकडे एवढंच लिहिलं तर फक्त वरचा फोल्डर जातो, पार्ट्स आणि रीडर्स नाही. सबपॅकेज आपोआप घेतली जात नाहीत, एकतर प्रत्येकाचं नाव लिहा किंवा फाइंड-पॅकेजेस वापरा. फाइंड-पॅकेजेसला ज्या फोल्डरमध्ये इनिट फाइल (हा फोल्डर पॅकेज आहे असं सांगणारी) नाही तो दिसत नाही. उलट पायप्रोजेक्ट.टॉमलमधला फाइंड इनिट नसलेले फोल्डर पण घेतो, कारण तिथे नेमस्पेसेस ही सेटिंग आपोआप चालू असते. सेटअप.पायमधून टॉमलवर आलेल्या प्रोजेक्टमध्ये त्यामुळे अचानक जास्तीच्या गोष्टी जायला लागतात, कोणाला कळत नाही का.

सेटअपटूल्स ६१ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, काहीच लिहिलं नाही तर तो स्वतः शोधतो. आपल्यासारख्या लायब्ररीत याचा वेगळाच त्रास आहे: कापलेलं आउटपुट रिपोच्या मुळाशी आउटपुट नावाच्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं, सेटअपटूल्सला दोन टॉप-लेव्हल फोल्डर दिसतात, आणि तो 'मल्टिपल टॉप-लेव्हल पॅकेजेस डिस्कव्हर्ड इन अ फ्लॅट-लेआउट' म्हणून हात वर करतो. या वेळी लॅपटॉपवर मोडतं आणि सीआयवर चालतं, म्हणजे गंमत बघा. कोड एसआरसी फोल्डरच्या आत हलवा, हा प्रश्न जातो आणि वर सांगितलेला चालू फोल्डरमधून इम्पोर्ट होण्याचा प्रश्न पण जातो. एका कमिटचं काम आहे, टाळत बसू नका.

स्कीमा आणि नमुन्यासाठी पॅकेज-डेटा वापरा. मॅनिफेस्ट.इन मुळात सोर्स डिस्ट्रिब्युशनसाठी आहे, त्यातली फाइल व्हीलमध्ये यायला इन्क्लूड-पॅकेज-डेटा चालू लागतं (टॉमलमध्ये आपोआप चालू, सेटअप.पायमध्ये नाही) आणि फाइल पॅकेजच्या फोल्डरच्या आत लागते. पॅकेज-डेटामध्ये लिहिलेलं टार आणि व्हील दोन्हीत जातं, एकाच जागी सांभाळायला बरं. लोक तीन ठिकाणी अडकतात. पॅटर्नमधला एक स्टार आतल्या फोल्डरमध्ये उतरत नाही, त्याला दोन स्टार लागतात, आणि ते सेटअपटूल्स ६२.३ पासूनच चालतात. डाव्या बाजूला पॅकेजचं नाव लिहायचं, फोल्डरचा पाथ नाही. आणि स्टार डॉटने सुरू होणाऱ्या फाइल्स पकडत नाही. डेटा-फाइल्स नावाची जी जुनी सेटिंग सेटअप.पायमध्ये दिसते तिच्या नादी लागू नका, ती फाइल्स पॅकेजमध्ये नाही तर एन्व्हायर्नमेंटच्या मुळाशी नेऊन टाकते.

बिल्डच्या लॉगमध्ये 'तुकडे.स्कीमा इज अॅबसेन्ट फ्रॉम द पॅकेजेस कॉन्फिगरेशन' असा ताऱ्यांच्या चौकटीतला लांबलचक इशारा येत असेल तर तो वाचा. त्याचा अर्थ असा की स्कीमा फोल्डरला पायथन इम्पोर्ट करता येईल असं पॅकेज मानतो, तुम्ही मात्र ते यादीत दिलेलं नाही, आत्ता फाइल जातेय पण यावर विसंबू नका. स्कीमात एक रिकामी इनिट फाइल टाकून आणि ते पॅकेज म्हणून घोषित करून मोकळे व्हा.

व्हीलमध्ये फाइल आहे तरी सापडत नाही

मग कोडमध्ये ओपनच्या आत स्कीमा/यादी.जेसॉन असा नुसता रिलेटिव्ह पाथ आहे. तो जिथून कमांड चालवली त्या फोल्डरपासून मोजला जातो, पॅकेजपासून नाही. इम्पोर्टलिब.रिसोर्सेसमधलं फाइल्स फंक्शन वापरा, पायथन ३.९ पासून आहे: फाइल्सला पॅकेजचं नाव, मग जॉइनपाथने आतला पाथ, मग रीड-टेक्स्ट, एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहून. एखाद्या लायब्ररीला डिस्कवरचा खराखुरा पाथच हवा असेल तर अॅज-फाइल आहे. पीकेजी-रिसोर्सेसवाली जुनी उत्तरं कॉपी करू नका, ते मोडीत काढलेलं आहे. आणि तुकडे लिहायला पॅकेजचाच फोल्डर वापरत असाल तर तेही बंद करा, सर्व्हरवर साइट-पॅकेजेसमध्ये लिहायची परवानगी बरेचदा नसते.

विंडोजचं थोडंसं. सेटअप.पाय जर रीडमी फाइल एन्कोडिंग न सांगता उघडत असेल आणि रीडमीत मराठी असेल, तर इंग्रजी विंडोजवर पायथन बहुतेकदा सीपी-१२५२ धरतो आणि 'कॅरमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट' म्हणून सोर्समधून इन्स्टॉलच होत नाही. एन्कोडिंग लिहा, किंवा रीडमीचं नाव टॉमलमध्ये द्या, तिथे यूटीएफ-८ च धरलं जातं. दुसरं, गिटचं ऑटो-सीआरएलएफ नमुन्याच्या तुकड्यांमधल्या ओळींची शेवटं बदलतं, मग यादीतले बाइट आणि चेकसम जुळत नाहीत, डेमो कमांड म्हणते तुकडा खराब आहे. व्हील विंडोजवर बनवलं असेल तर हे सगळ्यांना भोगावं लागतं. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये नमुना फोल्डरला मायनस-टेक्स्ट लावा. आणि नमुन्यात मराठी ओळी जरूर ठेवा, पॅकेजिंगशी संबंध नाही पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, 'मराठी' या शब्दाचे १५ बाइट होतात, आणि एमबी मोजून कापणारा कोड अक्षराच्या मधोमध कापतोय का ते इंग्रजी नमुन्यावर कधीच कळणार नाही.

मोडका रिलीज वर गेलाय, आता काय

पायपीआयवर तीच फाइल त्याच नावाने परत चढवता येत नाही, डिलीट करून पण नाही. त्यामुळे डिलीट करू नका, यँक करा. यँक केलेलं व्हर्जन साधं पिप इन्स्टॉल करणाऱ्याला मिळत नाही, पण ज्यांनी दोन बरोबरच्या चिन्हांनी तेच व्हर्जन पक्कं केलंय त्यांचं बिल्ड मोडत नाही. मग शेवटचा आकडा वाढवून नवीन रिलीज. चढवायच्या आधी टेस्टपायपीआयवर टाकून बघता येतं, मात्र तिथे बाकीच्या डिपेन्डन्सी असतीलच असं नाही, त्यामुळे इन्स्टॉल दुसऱ्याच कारणाने पडलं तर गोंधळू नका. लोकल व्हीलवरची टेस्ट जास्त कामाची.

परत येऊ नये म्हणून सीआयमध्ये हे बसवा: ताज्या क्लोनवर पायथन -एम बिल्ड, मग नवीन एन्व्हायर्नमेंटमध्ये डिस्टमधलं व्हील, मग टेस्टचा फोल्डर टेम्पमध्ये कॉपी करून तिथून पायटेस्ट, म्हणजे रिपोतला कोड हाताला लागणारच नाही. टेस्टमध्ये एक अशी ठेवा जी प्रत्येक सबमॉड्यूल नावाने इम्पोर्ट करते आणि स्कीमा वाचते. सबमॉड्यूलची नावं हाताने लिहा, पॅकेजमध्ये फिरून शोधू नका, कारण जे गायब आहे ते फिरताना सापडणारच नाही आणि टेस्ट हिरवी राहील. सोबत चेक-व्हील-कन्टेन्ट्स नावाचं छोटं टूल लावलं तर टेस्ट किंवा डेटा अशा सामान्य नावाचा फोल्डर चुकून टॉप-लेव्हलला जात असेल तर तेही ओरडतं, आणि त्याला सोर्सचा फोल्डर दाखवला तर काय राहिलं ते पण सांगतं. आणि हे सगळं पब्लिश करणाऱ्या स्टेपच्या आधी, त्याच व्हीलवर. टेस्ट एका व्हीलची आणि पब्लिशच्या वेळी नवीन बिल्ड, असं बऱ्याच वर्कफ्लोमध्ये दिसतं, त्याचा उपयोग नाही.

पारके फाइल्ससाठी लागणारी पायअॅरो लायब्ररी ऐच्छिक ठेवली असेल तर एक एन्व्हायर्नमेंट तिच्याशिवाय पण चालवा, पायअॅरो फाइलच्या वरतीच इम्पोर्ट होत असेल तर तिथे लगेच कळतं. आणि झेड-शेलवाल्यांनी चौकोनी कंसातलं एक्स्ट्राचं (ऐच्छिक डिपेन्डन्सीच्या गटाचं) नाव कोट्समध्ये लिहा, 'नो मॅचेस फाउंड' हा एरर पिपचा नाही, शेलचा आहे.

एवढं करूनही अडलं तर विचारताना गिट, टार आणि व्हील तिन्हीच्या याद्यांमधला हरवलेल्या फाइलच्या आसपासचा भाग, बिल्डची नेमकी कमांड, सेटअपटूल्स की हॅचलिंग आणि त्याचं व्हर्जन, आणि गिट चेक-इग्नोर -व्ही चं आउटपुट एवढं टाका. नुसता एररचा स्क्रीनशॉट टाकू नका, त्या एररमागे वरचं कुठलंही कारण असू शकतं.